रंगीत पिल्ले आणि अंगणातला कोंबडा

कदीम जालन्याच्या गल्लीत सायकलीला जाळी बांधून रंगीत पिल्ले विकणारा येऊन गेला की दुसऱ्या दिवशी वर्गात दुसरा विषय नसतो. गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्ले. बहुतेक आठवड्याभरात मरतात. जी जगतात त्यांच्याबद्दल एकच तक्रार येते : “टीचर, सब मुर्गे निकले!” मुले म्हणतात ते बरोबर आहे. पण ते असे का, याचा इतिहास बराच लांबचा आहे.

पिल्लू नर की मादी हे आधी कळावे, अशी इच्छा माणसाला फार जुनी. अ‍ॅरिस्टॉटलने लिहिले की लांबट, टोकदार अंड्यातून मादी निघते आणि गोल अंड्यातून नर. ‘हयातुल हयवान’ लिहिणाऱ्या दमीरींनीही (मृत्यू १४०५) कैरोत तेच नोंदवले. आमच्याकडच्या बायका नेमके उलटे सांगतात. टोकदार तो कोंबडा, गोल ती कोंबडी. दोन्ही समजुती चूक आहेत, कारण कवच चढण्याआधीच नर-मादी ठरलेले असते आणि ते कोंबडीकडून ठरते. माणसात मात्र बापाकडून. मुली झाल्या म्हणून सुनेला छळणाऱ्यांसाठी ही गोष्ट मी वर्गात मुद्दाम सांगते.

अंगणात यावर एकच उपाय होता, थांबणे. देशी पिल्लांत सहा-आठ आठवड्यांनी नराचा तुरा मोठा आणि लाल होऊ लागतो, पाय जाड दिसतात. तिसऱ्या महिन्यात मानेवर आणि कमरेवर लांब, टोकदार, चकचकीत पिसे येतात. मादीची पिसे तिथे गोलसरच राहतात. नुसत्या तुऱ्यावर जाऊ नये, कारण अंड्यावर येताना तलंगेचाही तुरा लाल होतो. पंखाच्या पिसांवरून पहिल्याच दिवशी ओळखता येते म्हणतात, पण ते त्यासाठीच तयार केलेल्या संकरित जातींत. देशीत नाही.

हे तीन महिने नराला घरात जागा मिळवून देत. कळेपर्यंत तो उकिरड्यावर चरून मोठा झालेला असे. मग एक राखायचा, बाकीचे बाजारात किंवा पाहुण्यांसाठी पातेल्यात.

ही वाट पाहणे संपवले जपानने. १९२० च्या दशकात मासुई आणि हाशिमोतो यांनी एक दिवसाच्या पिल्लाच्या शेपटीखालचा बारीक उंचवटा पाहून नर ओळखण्याची पद्धत मांडली. १९३३ मध्ये त्यांचे पुस्तक व्हँकुव्हरमधून इंग्रजीत आले. तरबेज माणूस तासाला हजाराच्या आसपास पिल्ले निवडू लागला. अंडी देणाऱ्या जाती वेगळ्या आणि मांसाच्या वेगळ्या झाल्यावर लेअर जातीचा नर कोणाच्याच कामाचा उरला नाही. तो अंडी देत नाही आणि मांसही सावकाश धरतो. जगभर ही पिल्ले पहिल्याच दिवशी मारली जाऊ लागली. जर्मनीने २०२२ पासून त्यावर बंदी घातली.

आपल्याकडेही अंड्यांचा धंदा वाढला. १९८२ मध्ये एनईसीसी उभी राहिली, हॅचऱ्या मोठ्या झाल्या. तिथे निवडून बाजूला काढलेल्या नरांपैकी काही स्वस्तात विकले जातात, रंगात बुडवले जातात आणि आमच्या गल्लीत येतात. म्हणून ‘सब मुर्गे’.

अंगणात मात्र नराचा हिशोब अजून चालतो. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याच्या तलंग गट योजनेत २५ माद्यांबरोबर ३ नर देतात, म्हणजे आठ-नऊ कोंबड्यांमागे एक. घरी पाच-सहाच कोंबड्या असतील तर एक कोंबडा पुरे. दोन झाले की भांडणे होतात आणि कोंबड्यांच्या पाठीची पिसे झडतात. अंडी फक्त खायचीच असतील तर कोंबडा नसला तरी चालतो, कारण कोंबडी त्याच्याशिवायही अंडी देते. हे सांगितले की अजूनही काही बायका हसतात. पिल्ले हवी असतील तर मात्र तो लागतोच, आणि वर्ष-दोन वर्षांनी बदलावा लागतो, नाहीतर बाप-लेकींचीच पैदास होऊन पिलावळ कमजोर निघते. आमच्या ओळखीतल्या बायका त्यासाठी पैसे मोजत नाहीत. माहेरी जाताना पिशवीत आपला कोंबडा नेतात, येताना तिथला आणतात.