चुकून आलेले पैसे आणि पेन्सिलीने लिहिलेला एक शब्द

२०२१च्या फेब्रुवारीत आमच्या टीमच्या ग्रुपवर कुणीतरी एक बातमी टाकली. सिटीबँकेने चुकून पाठवलेल्या पैशांपैकी सुमारे ५० कोटी डॉलर तिला परत मिळणार नाहीत, असा निकाल न्यूयॉर्कच्या एका फेडरल न्यायाधीशाने दिला होता. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. मी इमोजी टाकला नाही. दीडेक वर्षापूर्वी मीही हेच केलं होतं, फक्त शून्यं कमी होती.

तेव्हा मी इंजिनिअरिंग संपवून पहिल्या नोकरीत होतो. छोट्या दुकानदारांना क्यूआर कोडवर दिवसभरात मिळालेले पैसे रात्री त्यांच्या बँक खात्यात जमा करणारी सिस्टिम आमच्याकडे होती. बँकेकडून उत्तर वेळेत आलं नाही तर व्यवहार पुन्हा पाठवायचा, हा कोड माझा. पहिला व्यवहार आधीच झाला असेल तर काय, हे तपासणं माझ्याकडून राहिलं. एका रात्री बँकेचा सर्व्हर मंदावला आणि २१४ जणांना त्या दिवसाचे पैसे दोनदा गेले. वरून आदेश आला : उद्याच्या जमेतून कापून घ्या. कापणारी स्क्रिप्टही मीच लिहिली. मग फोन सुरू झाले, आणि शिक्षा म्हणा किंवा शिकवण म्हणा, मला दोन दिवस सपोर्टच्या मुलांबरोबर फोनवर बसवलं.

त्यात एक डब्यांचा व्यवसाय करणाऱ्या काकू होत्या. त्यांना ६,८४० रुपये जास्त गेले होते. त्यांनी त्याच सकाळी भाजीवाल्याची थकबाकी चुकवली होती. आता दुसऱ्या दिवशीची सगळी जमा कापली गेल्यामुळे गॅस सिलिंडरला पैसे नव्हते. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दादा, चूक तुमची ना? मग खातं माझं का रिकामं?"

मला उत्तर देता आलं नाही. सिटीबँकेच्या बातमीने तो प्रश्न पुन्हा वर आणला आणि मी शोधत शोधत १८४१ सालच्या लंडनला जाऊन पोचलो.

सोलारी नावाच्या एका माणसाने १८३६ साली आर्गस नावाच्या विमा कंपनीकडे २०० पौंडांचा आयुर्विमा उतरवला होता. १८४०च्या सप्टेंबरचा तिमाही हप्ता त्याने भरला नाही आणि ऑक्टोबरात तो वारला. हप्ता चुकला म्हणजे पॉलिसी संपली. नोव्हेंबरात कंपनीच्या हिशेबनिसाने हे दोन संचालकांच्या कानावर घातलं. त्यातल्या एकाने पॉलिसीच्या कागदावर पेन्सिलीने 'लॅप्स्ड' असा एक शब्द लिहून ठेवला. आमच्या भाषेत सांगायचं तर बगचं तिकीट उघडलं आणि कुणालाच नेमून दिलं नाही. पुढच्या फेब्रुवारीत सोलारीच्या विधवेने पैसे मागितले. संचालक ती नोंद साफ विसरले होते. त्यांनी किरकोळ वजावट करून १९७ पौंड आणि काही शिलिंग तिला देऊन टाकले.

मग आठवण झाली आणि कंपनीने विधवेवर दावा लावला. 'केली विरुद्ध सोलारी' या नावाने तो कायद्याच्या पुस्तकांत आजही शिकवला जातो. पहिल्या सुनावणीत न्यायाधीश लॉर्ड अबिंजर यांनी सांगितलं की, संचालकांना एकदा माहीत होतं म्हणजे माहीत होतंच. विसरलो ही सबब चालायची नाही. ज्यूरीचा कौल न घेताच त्यांनी कंपनीचा दावा काढून टाकला. वाचताना मला बरं वाटलं. काकूंचं म्हणणं याहून वेगळं काय होतं?

पण वरच्या पीठाने फेरसुनावणीचा हुकूम दिला. न्यायाधीश पार्क यांचा मुद्दा असा, की पैसे देणारा खरोखरच विसरला असेल तर ते परत मागण्याचा हक्क त्याला आहे. तो किती निष्काळजी होता हे बघायचं नाही. खरं काय ते कळून घ्यायचंच नाही, काहीही असो, पैसे देऊन टाकू, असं ठरवून दिले असतील तरच ते गेले. त्या पीठावर अबिंजरही होते आणि आपण पहिल्या सुनावणीत सांगितलेला नियम फार व्यापक होता, हे त्यांनी मान्य केलं.

मला हा निकाल पहिल्यांदा वाचताना राग आला होता. नवरा गेलेली बाई आणि स्वतःचीच नोंद न वाचणारी कंपनी, यात कायद्याने कंपनीचा हात धरावा? पण उलटं करून बघा. पाठवणाऱ्याचा वेंधळेपणा हाच घेणाऱ्याच्या मालकीचा पुरावा मानला, तर गर्दीत ज्याचं पाकीट पडलं त्याचंही ते राहणार नाही. निष्काळजी तर तोही होता.

हाच विचार इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७२ एका वाक्याचं आहे : चुकीने किंवा जबरदस्तीमुळे पैसे वा वस्तू ज्याला मिळाली, त्याने ती परत केली पाहिजे. सोबतचं उदाहरण शाळेच्या गणितासारखं आहे. 'अ' आणि 'ब' हे दोघे मिळून 'क'चे १०० रुपये देणं लागतात. 'अ' एकटाच ते फेडतो. 'ब'ला ते माहीत नसतं, तोही १०० रुपये देतो. 'क'ने ते परत करायचे. माझा बग दीडशे वर्षांपूर्वीच कायद्यात लिहून ठेवलेला होता, असं वाटून मी थोडा हसलो.

पण आलेले पैसे खर्च होऊन गेले असतील तर? १९५८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे बनारसच्या एका सराफी पेढीचा खटला आला. पेढीने भरलेला विक्रीकर मुळात बेकायदा ठरला होता आणि तो तिला परत हवा होता. कायदा समजण्यात चूक झाली तरी कलम ७२ लागू होतं, असं न्यायालयाने सांगितलं. सरकारने ते पैसे केव्हाच खर्चून टाकले होते, त्याने काही फरक पडत नाही असंही सांगितलं. सरकारला हे ऐकवलं गेलं याचा आनंद आहे. पण सरकारच्या तिजोरीला लावलेलं माप काकूंच्या गॅस सिलिंडरला लावताना हात अडखळतो. इंग्लंडमध्ये १९९१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निराळी वाट काढली. घेणाऱ्याने चांगल्या हेतूने, त्या पैशांच्या भरवशावर आपली स्थिती बदलली असेल, तर तेवढ्यापुरता त्याला बचाव मिळतो.

आता सिटीबँकेकडे येऊ, कारण तिथे हेतूचाच प्रश्न होता.

११ ऑगस्ट २०२०. रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या कर्जावरचं सुमारे ७८ लाख डॉलर व्याज सिटीबँकेला कर्ज देणाऱ्या फंडांकडे पाठवायचं होतं. वापरात होतं फ्लेक्सक्यूब हे सॉफ्टवेअर. त्याचा जन्म आपल्याकडचाच, सिटीच्या मुंबईतल्या सॉफ्टवेअर उपकंपनीतून वाढलेल्या आय-फ्लेक्सचा. पुढे ती ओरॅकलने घेतली. फक्त व्याज पाठवायचं तरी या सॉफ्टवेअरमध्ये अख्खं कर्ज फेडतोय असं दाखवावं लागे आणि मुद्दल बँकेच्याच एका अंतर्गत खात्यात वळवावं लागे. त्यासाठी 'प्रिन्सिपल', 'फ्रंट' आणि 'फंड' या तिन्ही ठिकाणी खूण करायची होती. नोंद करणाऱ्याने फक्त 'प्रिन्सिपल'वर केली. तो आणि त्याचं काम तपासणारा, दोघेही भारतातल्या एका कंत्राटदार आयटी कंपनीचे. अमेरिकेतल्या तिसऱ्या अधिकाऱ्यानेही मान्यता दिली. सहा डोळ्यांखालून सुमारे ९० कोटी डॉलर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी चूक लक्षात आली आणि परत मागणारी पत्रं गेली. काहींनी पैसे दिले. बाकीच्या फंडांनी सुमारे ५० कोटी अडवून ठेवले. त्यांचा रेव्हलॉनवर आधीच राग होता. कर्जाचं तारण परस्पर काढून घेतलं असं त्यांचं म्हणणं होतं. हे कर्ज बाजारात निम्म्याहून कितीतरी कमी भावाला विकलं जात होतं आणि इथे पूर्ण मुद्दल हातात आलेलं. आपलेच पैसे आलेत, परत कशाला द्यायचे? बँकेची पत्रं आल्यावर त्यांच्या कर्मचाऱ्यांनी आपसात चॅटवर केलेले विनोद न्यायालयात वाचले गेले. चूक करणाऱ्याच्या नोकरीवर हसणारे विनोद होते ते. मी ते निकालपत्रात वाचले आणि लॅपटॉप बंद केला.

पहिला निकाल फंडांच्या बाजूने लागला. न्यूयॉर्कच्या कायद्यात १९९१पासून एक अपवाद होता. घेणाऱ्याचं तेवढं येणं खरंच असेल आणि चूक झाल्याचं त्याला ठाऊक नसेल, तर त्याने पैसे ठेवावेत. रक्कम सेंटपर्यंत जुळत होती. एवढी मोठी बँक एवढी मोठी चूक करेल, असं कुणाला कशाला वाटावं, असंही न्यायाधीशांचं म्हणणं. प्रॉडक्शनवर काम केलेल्या कुणालाही हे वाक्य पटायचं नाही. सप्टेंबर २०२२मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला. कर्जाची मुदत २०२३ची होती, म्हणजे त्या दिवशी मुद्दलाचं येणं नव्हतंच. शिवाय डबघाईला आलेली कंपनी तीन वर्षं आधी, काही न कळवता सगळं फेडते, यात शंका यायला हवी होती. फंडांनी एक फोन करायला हवा होता. तोवर रेव्हलॉनने दिवाळखोरीचा अर्जही केलेला होता.

फंडांना पत्र मिळालं तेव्हा सगळं कळलं होतं, आणि पैसे तसेच पडून होते. काकूंना काहीच माहीत नव्हतं, आणि पैसे भाजीवाल्याकडे गेले होते. आमच्या स्क्रिप्टला यातलं काही कळत नव्हतं. ती फक्त रक्कम वाचत होती. कलम ७२ कंपनीच्या बाजूने होतं, हे मी आज सांगू शकतो. पण ते पैसे एका रात्रीत, न विचारता कापा असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. तो आमचा निर्णय होता आणि त्याला सोपं कारण होतं : तेवढंच लिहायला एक संध्याकाळ पुरली. हप्ते करायचे तर चार दिवस लागले असते. माझ्या पगारातून काही कापलं गेलं नाही, हेही इथे सांगायला हवं.

(तुमच्या यूपीआयवर चुकून पैसे आले आणि लगेच एखादा रडवेला फोन आला, तर परस्पर पाठवू नका. तो फसवणुकीचाही नेहमीचा प्रकार आहे. बँकेला कळवा, बँक परत करेल.)

त्या काकूंचा आठवड्याभराने पुन्हा फोन आला. सपोर्टच्या मुलाने तो माझ्याकडे वळवला. मी माफीची जुळवाजुळव करत होतो. त्यांनी विचारलं, "ते सगळे कापून झाले का? नाही म्हणजे, माझ्याकडे तुमचं काही राहिलं तर नाही ना?"

मी स्क्रीनवर पाहिलं. काही राहिलं नव्हतं.