ठाकुरवाडीची वाट आणि सार्वत्रिक आरोग्यसेवा

पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारास वंचित राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ च्या अहवालात निःसंदिग्धपणे मांडले होते. या तत्त्वाची कसोटी शहरापेक्षा सह्याद्रीच्या उतारावरील वस्त्यांत अधिक कठोरपणे लागते. कर्जत व खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी हे एकाच गावाचे नाव नव्हे. ठाकूर समाजाच्या अनेक वस्त्या त्या नावाने ओळखल्या जातात. त्यांच्या संदर्भात पाहता, आरोग्यसेवेच्या विस्ताराची तीन मापे क्रमाने पुढे आलेली दिसतात.

पहिले माप लोकसंख्येचे. सपाटीवर ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र, असे प्रमाण ठरले. परंतु यात माणसे मोजली जातात, वाट मोजली जात नाही. लहानशी वाडी पायथ्याच्या गावाच्या लोकसंख्येत मिळविली, की कागदोपत्री तिची सोय झालेली असते. शिवाय रायगड जिल्ह्याचा समावेश राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात नाही; त्यामुळे त्या क्षेत्रासाठीच्या विशेष तरतुदी येथील आदिवासींना लागू होत नाहीत.

दुसरे माप माणसाचे. याच जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात, मांडवा येथे, डॉ. नोशीर अंटिया यांनी १९७० नंतरच्या दशकात एक प्रयोग केला. अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रिया प्राथमिक उपचाराचे बरेचसे काम समर्थपणे करू शकतात, हे त्यातून दिसून आले. १९७७ ची ग्राम आरोग्यरक्षक योजना आणि २००५ नंतरची 'आशा' योजना याच विचारधारेतील होत. तथापि आशा कार्यकर्तीस नियमित वेतनाऐवजी प्रामुख्याने कामागणिक मोबदला मिळत आला आहे. जिच्यावर सर्वाधिक भिस्त, तिचेच स्थान व्यवस्थेत सर्वांत अस्थिर, असा हा विरोध आहे.

तिसरे माप पैशाचे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचा आरंभ २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत झाला. रायगड त्यांपैकी एक होता. २०१७ मध्ये ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू राहिली, आणि २०२३ मध्ये राज्यातील सर्व कुटुंबांना ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय झाला. ही प्रगती उपेक्षणीय नाही. परंतु विमा रुग्णालयाच्या दाराशी सुरू होतो. त्या दारापर्यंतचा प्रवास आणि रुग्णाबरोबर जाणाऱ्याची बुडालेली मजुरी त्याच्या हिशेबात येत नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकूर वस्तीवर दरड कोसळली. वाडीस मोटाररस्ता नसल्याने बचावपथकांना डोंगर पायी चढून जावे लागले. आपत्तीच्या रात्री साऱ्या राज्यास दिसलेली ती पायवाट, आजारी माणूस व बाळंतीण यांच्या दृष्टीने नित्याचीच होती. तात्पर्य, लोकसंख्या, सेविका आणि विमा या तिन्ही मापांस वाटेचे चौथे माप जोडल्यावाचून 'सार्वत्रिक' हा शब्द ठाकुरवाडीपुरता अपुराच राहतो.