हक्क कायद्यात, पैसे कुणाच्या खिशात?

शाळेचा इतिहास आपण बहुधा शिक्षकांच्या आणि पुस्तकांच्या अंगानं सांगतो. आज मी तो जमाखर्चाच्या वहीवरून सांगणार आहे. देश इंग्लंड, आणि मुलं कोणती? ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, किंवा वर्गात इतरांबरोबर चालताना जी मागे राहतात, ती.

मी कवी माणूस, शिक्षणानं बीए. अंदाजपत्रकाशी माझं फारसं सख्य नाही. पण माझ्या खालेची मुलगी लग्नानंतर तिकडे स्थायिक झाली. तिच्या नातवाला बोलायला अवघड जातं. शाळेत त्याला मदतनीस मिळावा म्हणून घरच्यांनी तिथल्या काउन्सिलशी, म्हणजे आपल्या महापालिका-जिल्हा परिषदेसारख्या संस्थेशी, दीड वर्ष पत्रव्यवहार केला. कायदा मुलाच्या बाजूनं, कर्मचारीही सभ्य. तरी काम पुढे सरकेना. असं का, हे शोधताना मी दीडशे वर्षं मागे गेलो.

१८६२ साली इंग्लंडमध्ये शाळांच्या अनुदानाची नवी पद्धत आली. तपासनीस यायचा, मुलांचं वाचन, लेखन, गणित तपासायचा, आणि जितकी मुलं पास तितकं अनुदान. मूल नापास झालं की त्याच्यापुरते पैसे कापले जायचे. मग १८७० च्या कायद्यानं गावोगाव स्कूल बोर्डं आली आणि १८८० मध्ये हजेरी सक्तीची झाली. आजवर घरात किंवा रस्त्यावर असलेली सगळी मुलं वर्गात येऊन बसली. त्यांत मंद गतीनं शिकणारी होती, फेफऱ्याचा आजार असलेली होती. मुलगा तोच, पण आता तो शाळेच्या हिशेबात तोट्याची बाजू ठरला. मास्तर निर्दय होते असं नव्हे. पद्धतच तशी होती.

१८९२ साली लेस्टर आणि लंडनमध्ये अशा मुलांसाठी वेगळे वर्ग सुरू झाले. १८९३ च्या कायद्यानं अंध आणि बहिऱ्या मुलांच्या शिक्षणाची सोय करणं स्थानिक संस्थांवर बंधनकारक केलं. १८९९ मध्ये दुसरा कायदा आला, तो मंदबुद्धी, अपंग आणि फेफरं येणाऱ्या मुलांसाठी. त्याच्या नावातच या मुलांना ‘डिफेक्टिव्ह’, म्हणजे सदोष, म्हटलं होतं. या कायद्यात मात्र एक क्रियापद बदललेलं होतं. संस्थांनी सोय ‘करावी’ असं न लिहिता ‘करू शकतील’ असं लिहिलं. शाळांचा पैसा स्थानिक घरपट्टीतून यायचा आणि घरपट्टी वाढवणं कुणालाच आवडत नाही. तेव्हा अनेक संस्थांनी काहीच केलं नाही. ‘करू शकतील’चं ‘करावे’ व्हायला मंदबुद्धी मुलांच्या बाबतीत १९१४ साल उजाडलं. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला क्रियापदाची एवढी किंमत ठाऊक असायला हवी. मला ती इथं कळली.

१९४४ च्या मोठ्या शिक्षण कायद्यानं माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत केलं. पण ‘सर्वांना’ म्हणजे सगळ्यांना नव्हे. ज्यांच्यावर ‘शिकण्यास अपात्र’ असा शिक्का बसे, ती मुलं शिक्षण खात्याच्या बाहेर, आरोग्य खात्याच्या केंद्रांत किंवा इस्पितळांत राहत. १९७० चा कायदा झाला आणि १९७१ च्या एप्रिलपासून तीही शिक्षण खात्याची झाली. त्या दिवसापासून इंग्लंडच्या कायद्यात ‘शिकवता न येणारं मूल’ उरलं नाही. चंद्रावर माणूस उतरून तेव्हा पावणेदोन वर्षं झाली होती.

मग तत्त्वज्ञ मेरी वॉर्नॉक यांच्या समितीचा १९७८ चा अहवाल आला. दोष मुलात शोधू नका, त्याला काय हवं ते पाहा, असं त्याचं सार होतं. शालेय आयुष्यात कधी ना कधी पाचातल्या एका मुलाला जादा मदत लागते, असा समितीचा अंदाज होता. ‘विशेष शैक्षणिक गरजा’ हा शब्दप्रयोग इथून रुळला. पुढे तो आपल्या सर्व शिक्षा अभियानाच्या कागदांतही आला. १९८१ च्या कायद्यानं अहवालातल्या बऱ्याच गोष्टी स्वीकारल्या. ज्याची गरज मोठी, त्या मुलासाठी काउन्सिलनं लेखी निवेदन तयार करायचं आणि त्यातली मदत पुरवायची. पण या कायद्यासोबत वेगळा पैसा दिला गेला नाही. वॉर्नॉकबाईंनीच २००५ मध्ये लिहिलं की ही निवेदनाची पद्धत पुन्हा तपासायला हवी.

१९९८ चा एक खटला इथं सांगायलाच हवा. ईस्ट ससेक्समधल्या एका आजारी मुलीला काउन्सिलकडून घरी आठवड्याला पाच तास शिकवणी मिळायची. पैसे वाचवण्यासाठी काउन्सिलनं ती तीन तासांवर आणली. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. न्यायमूर्तींनी सांगितलं, मुलीला योग्य शिक्षण कोणतं हे तिच्या गरजेवरून ठरेल, तिजोरीवरून नाही. पैसे हवेत तर ज्या खर्चाची कायद्यानं सक्ती नाही, तिथून वळवा. निकाल न्यायाचाच होता. पण त्यानं तिजोरीत एकही पौंड वाढला नाही.

२०१४ मध्ये नवा कायदा आला. निवेदनाच्या जागी शिक्षण, आरोग्य आणि देखभालीचा एकत्र आराखडा आला आणि तो वयाच्या २५ वर्षांपर्यंत चालू शकेल असं ठरलं. २०१५ मध्ये असे आराखडे किंवा निवेदनं सुमारे २ लाख ४० हजार होती. २०२४ मध्ये ५ लाख ७६ हजार झाली आणि २०२५ च्या जानेवारीत ६ लाख ३८ हजारांच्या वर गेली. स्वमग्नता, वाचा आणि भाषेच्या अडचणी, मानसिक अस्वास्थ्य ही त्यामागची मोठी कारणं. पैसा वाढला नाही असं नाही. २०२४-२५ चं अनुदान १०७० कोटी पौंडांचं, महागाई वजा जाता दहा वर्षांत ५८ टक्के वाढलेलं. पण मुलं त्याहून वेगानं वाढली. सरकारी विशेष शाळांत जागा नाही म्हणून मुलं खासगी विशेष शाळांत पाठवावी लागतात, तिथला खर्च सरासरी दुपटीहून जास्त.

साध्या शाळांचीही कोंडी आहे. अशा मुलाच्या जादा मदतीचे पहिले ६००० पौंड शाळेनं आपल्याच पैशातून घालावेत, असं २०१३ पासून ठरलं. दहा वर्षांनंतरही आकडा तोच होता. म्हणजे जी शाळा अशा मुलांना प्रेमानं दारात घेते, तिचाच खिसा आधी रिकामा होतो. १८६२ च्या अनुदानाची मला इथं आठवण झाली.

काउन्सिलांची तूट इतकी वाढली की २०२० पासून सरकारनं ती मुख्य हिशेबाबाहेर ठेवायची मुभा दिली. उधारीची वही वेगळी, एवढंच. मुदत संपत आली की ती वाढवली गेली, २०२५ मध्ये तर २०२८ पर्यंत. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अंदाज दिला होता की मार्च २०२६ पर्यंत ही तूट ४३० ते ४९० कोटी पौंडांवर जाईल आणि मुभा उठवली तर ४३ टक्के स्थानिक संस्था दिवाळखोरीच्या दारात येतील.

यात सोसतो कोण? आराखडा २० आठवड्यांत मिळायला हवा. २०२३ मध्ये जेमतेम निम्मे वेळेत मिळाले. न्यायाधिकरणात निकालापर्यंत गेलेल्या बहुतेक सगळ्या दाव्यांत पालकांच्या बाजूनं निकाल लागतो. पण तिथवर जायला वेळ, धीर आणि कागद समजण्याएवढं शिक्षण लागतं. ज्या आईला दोन पाळ्यांत काम आहे, जिची इंग्रजी मोडकी आहे, तिचं मूल मागेच राहतं. हक्क दोघांचा सारखा, पदरात पडतं ते वेगळं.

आपल्याकडे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. लेकरू ही अमानत असते असं आमच्या घरात मोठी माणसं म्हणत. अमानत सांभाळायची म्हणजे तिच्या खर्चाचीही तरतूद करायची. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगासमोर हेच विचारलं होतं, की कष्टकरी रयतेकडून घेतलेला पैसा तिच्या मुलांच्या शिक्षणावर का खर्च होत नाही. कायदा वाचताना म्हणून मी आता दोन गोष्टी पाहतो. क्रियापद ‘करावे’ आहे की ‘करू शकतील’, आणि पैसे कोण देणार हे कुठल्या कलमात लिहिलं आहे. दुसरी गोष्ट सापडली नाही, तर पहिलीचा उपयोग फारसा होत नाही.