लॅपटॉपला तुमचा पासवर्ड माहीतच नसतो

आयटीत काम करतो म्हटलं की एक फोन ठरलेला असतो. "अरे, लॅपटॉपचा पासवर्ड विसरलोय, काढून देतोस का?" म्हणजे तो आत कुठेतरी लिहिलेला असतो आणि इंजिनिअरला ती जागा ठाऊक असते, असा समज. हा समज एके काळी खरा होता.

१९६१ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो आणि सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही यंत्रणा चालवून दाखवली. एक अवाढव्य कॉम्प्युटर अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, प्रत्येकाच्या फायली वेगळ्या आणि वेळेचा कोटाही ठरलेला. कोण कोण आहे हे ओळखायला पासवर्ड आले. ते सगळे एका फायलीत जसेच्या तसे लिहिलेले असत.

अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळायचे आणि ते पुरायचे नाहीत. १९६२मध्ये त्याने पंचकार्डवरून ती फाइल छापायची विनंती टाकली आणि सगळ्यांचे पासवर्ड कागदावर मिळवले. पुढे त्याच यंत्रणेत एकदा दोन फायलींची अदलाबदल झाली. लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवशीच्या सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड दिसू लागले!

विसरलेला पासवर्ड तेव्हा खरंच 'काढून देता' आला असता. पण जे आपल्याला काढता येतं, ते शेरलाही काढता येतं.

यावर उपाय सुचला इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये, रॉजर नीडम यांना. पासवर्ड साठवायचाच नाही, त्याचं पीठ करून ठेवायचं. गव्हाचं पीठ होतं, पिठाचा गहू होत नाही. तुम्ही पासवर्ड टाइप केला की मशीन तो पुन्हा दळतं आणि नवं पीठ जुन्याशी जुळतं का, एवढंच बघतं. यालाच आपण हॅश म्हणतो. युनिक्सनेही हाच मार्ग धरला.

तरी माणसं राहिलीच. १९७९च्या एका निबंधात रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी ३,२८९ पासवर्ड तपासल्याचं लिहिलं आहे. त्यातले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, सहज शोधता येण्यासारखे निघाले. खुद्द थॉम्पसन यांचा जुना हॅश मात्र थेट २०१९मध्ये फुटला. पासवर्ड होता बुद्धिबळातली एक खेळी : वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे.

मग आपल्या गल्लीतला दुरुस्तीवाला पाचशे रुपयांत लॅपटॉप कसा उघडून द्यायचा? तो पासवर्ड शोधत नव्हताच. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करायचा आणि विंडोजच्या डब्यातलं पीठच फेकून द्यायचा. दाराला कुलूप होतं, भिंती उघड्या होत्या. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली तरी फोटो दिसायचे.

त्या भिंती आता बंद झाल्यात. २००७मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर बिटलॉकर आलं. त्यात डिस्कवरचा मजकूरच कूटबद्ध होतो. पूर्वी हे मुद्दाम चालू करावं लागे. विंडोज ११च्या २०२४च्या आवृत्तीपासून नव्याने इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं, की बहुतेक लॅपटॉपवर ते आपोआप चालू होतं. मग लागते ती ४८ आकड्यांची रिकव्हरी की. ती नसेल तर दुरुस्तीवाला, मी किंवा खुद्द कंपनी, कोणीच आत जाऊ शकत नाही.

चोरीला गेलेल्या लॅपटॉपसाठी हे उत्तमच. पण माझ्या एका मित्राचे वडील गेले, तेव्हा त्यांच्या लॅपटॉपचा पिन कोणालाच माहीत नव्हता. खातं कोणत्या ईमेलवर होतं, तेही नाही. डिस्क ठणठणीत होती, वीस वर्षांचे फोटो तिच्यात होते, आणि मी त्याला "नाही होणार" एवढंच सांगू शकलो. त्याला वाटलं, मी नीट प्रयत्न केला नाही.

म्हणून आज दहा मिनिटं काढा. घरातला प्रत्येक लॅपटॉप कोणत्या ईमेलवर आहे ते लिहा. मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन त्याची रिकव्हरी की बघा, कागदावर उतरवा आणि एलआयसीच्या पॉलिसीबरोबर कपाटात ठेवा. फोटोंची एक प्रत दुसरीकडे असू द्या. आणि आई-बाबांच्या लॅपटॉपपासून सुरुवात करा.