तळटीप : रिसर्पिन दिलेले ससे
* लेखकाला अभिप्रेत असलेला प्रयोग आर्विड कार्लसन यांचा, स्वीडन, १९५७. सर्पगंधेच्या मुळातले रिसर्पिन टोचल्यावर ससे कान पाडून निपचित बसत. एल-डोपा दिल्यावर थोड्याच वेळात हिंडू लागत. रिसर्पिनमुळे मेंदूतला डोपामिनचा साठा रिता होतो, एल-डोपापासून डोपामिन पुन्हा तयार होते. कंपवातावरच्या औषधाची वाट इथूनच निघाली. मात्र या सशांना ‘कंपवाताचे रुग्ण’ म्हणणे अतिशयोक्त आहे : कंपवातात चेतापेशीच मरतात, इथे त्या शाबूत असतात. सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्येच ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला होता, मूळ ग्रंथात त्यांचा उल्लेखही नाही. — संपा.