गार चहाचे जनकत्व

गार चहाची जन्मकथा मोठी सुटसुटीत आहे. 1904 साली अमेरिकेतील सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात रिचर्ड ब्लेचिंडन भारतीय चहाचा प्रचार करीत होते. उकाड्यात वाफाळत्या चहाकडे कोणी फिरकेना. तेव्हा त्यांनी त्यात बर्फ घातला आणि नवे पेय जन्मले!

आम्हीही ही कथा बरीच वर्षे खरी मानली. परंतु मॅरियन कॅबेल टायरी यांचे 1879 सालचे 'हाउसकीपिंग इन ओल्ड व्हर्जिनिया' उघडले, की ती टिकत नाही. 250 गृहिणींच्या पाककृतींच्या या संग्रहात गार चहाची रीतसर कृती आहे. हिरवा चहा सकाळीच उकळत्या पाण्यात घालून ठेवायचा, दुपारी न ढवळता गाळायचा, संध्याकाळी पेल्यातील बर्फ-साखरेवर ओतायचा. वर लिंबू पिळले की तुरटपणा मरतो. आधीच निवलेल्या चहाने बर्फही कमी वितळतो. ही जाण एका दिवसाच्या प्रदर्शनातली नव्हे, रोजच्या सवयीतली आहे.

पेयाच्या प्रसाराचे काही श्रेय ब्लेचिंडन यांना जरूर द्यावे. मात्र प्रसारालाच शोध म्हटले, की विक्रेत्याचे नाव उरते आणि स्वयंपाकघर पुसले जाते. आणि त्या काळी व्हर्जिनियातील कित्येक सुखवस्तू घरांत चुलीशी राबत होत्या त्या कृष्णवर्णीय स्वयंपाकिणी. पुस्तकाच्या शीर्षकपानावरील 'नामांकित गृहिणीं'त त्यांची गणना कोठे?