लागतो आणि विझतो: चेक इंजिन दिव्याचा इतिहास आणि न सापडणाऱ्या दोषाचं निदान



संशोधनाची तयारी करताना एक प्रश्न कधी ना कधी समोर येतोच: जी गोष्ट आपण बघायला गेलो की दिसत नाही, तिचा अभ्यास करायचा कसा? पुस्तकात याला मोठमोठी नावं आहेत. पण याचं उत्तम उदाहरण आपल्या पार्किंगमध्ये उभं असतं. मोटरसायकलच्या मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, दोन दिवस राहतो आणि आपोआप विझतो. गाडी मेकॅनिककडे नेली की ती अगदी शहाण्यासारखी चालते. तो म्हणतो, "आत्ता तर काहीच नाही, परत लागला की आणा."

हा दिवा असा का वागतो, हे समजायला त्याचा इतिहास माहीत हवा.

दिवा इंजिनासाठी नव्हताच

जुलै १९४३. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि लॉस एंजेलिस शहरावर एक दिवस डोळे चुरचुरवणारा दाट धुरकट थर पसरला. जपानने विषारी वायू सोडला की काय, अशी शंका लोकांना आली. मग संशय कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. कारखान्यावर कारवाई झाली, पण धुरकं येतच राहिलं. म्हणजे पहिलं निदान चुकलं होतं.

उत्तर मिळालं १९५० च्या आसपास, कॅलटेकमधले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांच्याकडून. ते मूळचे डच, आणि अननसाच्या वासात कोणती रसायनं असतात यावर काम करत होते. तेच तंत्र त्यांनी शहराच्या हवेला लावलं. वाहनं आणि तेलशुद्धीकरण कारखाने यांतून येणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं सूर्यप्रकाशात एकत्र आली की ओझोन आणि धुरकं तयार होतं, हे त्यांनी दाखवलं. पुढे कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचे ते पहिले अध्यक्ष झाले.

त्यानंतर कायदे आले. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलांपासून बहुतेक कारमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, पाठोपाठ ऑक्सिजन सेन्सर आला. आणि एक नवीन अडचण उभी राहिली. नवी गाडी प्रयोगशाळेत पास होते, पण चार वर्षांनी सेन्सर खराब झाला तर कोणाला कळणार? गाडी तर चालतेच! चालवणाऱ्याला काही जाणवत नाही, त्रास हवेला होतो. म्हणून गाडीनेच स्वतःवर लक्ष ठेवावं, ही कल्पना पुढे आली. दिव्याचं नाव 'चेक इंजिन' पडलं खरं, पण नियमांनी तो सक्तीचा केला तो धुरासाठी. "गाडी मस्त पळतेय, मग दिवा का?" याचं उत्तर या इतिहासात आहे.

लुकलुकण्याची भाषा

जनरल मोटर्सने १९८१ च्या मॉडेलांपासून आपल्या कारमध्ये संगणक आणि 'चेक इंजिन' दिवा सरसकट बसवला. डॅशबोर्डखालच्या कनेक्टरची दोन टोकं वायरीने जोडली की दिवा लुकलुकून कोड सांगायचा. एकदा, थोडं थांबून दोनदा, म्हणजे १२. तारयंत्रासारखंच. आजही अनेक मोटरसायकलींत हीच पद्धत आहे: लांब लुकलुक म्हणजे दशक, छोटी म्हणजे एकक.

कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलांपासून अशी यंत्रणा सक्तीची केली. पण प्रत्येक कंपनीचा कनेक्टर वेगळा, कोड वेगळे. म्हणून दुसरी पिढी आली, ओबीडी-२. १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या कारमध्ये एकच १६ पिनांचा कनेक्टर आणि एकसारखे कोड आले. त्यामुळे गल्लीतल्या गॅरेजवाल्यालाही साध्या स्कॅनरवर गाडीची नोंद वाचता येऊ लागली. पुरावा कोणाला वाचता येतो, हा प्रश्न तंत्राइतकाच महत्त्वाचा असतो.

दिव्याने विश्वास कधी ठेवायचा?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. एका क्षणासाठी सिग्नल तुटला, तर लगेच दिवा लावायचा का? लावला तर खोटे इशारे वाढतात आणि लोक दिव्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात. नाही लावला तर खरा दोष निसटतो. संख्याशास्त्रात आपण टाइप-१ आणि टाइप-२ चूक शिकतो, तोच हा पेच.

ओबीडी-२ ने काढलेला तोडगा असा. बहुतेक दोष एकदा दिसले की फक्त 'प्रलंबित' म्हणून नोंदवायचे. लागोपाठ दुसऱ्या फेरीतही दिसले तर पक्के मानून दिवा लावायचा. त्यानंतर सलग तीन फेऱ्या दोष दिसला नाही तर दिवा विझवायचा. पण कोड मेमरीत ठेवायचा, इंजिन ४० वेळा थंड-गरम होईपर्यंत. शिवाय दोषाच्या क्षणी इंजिनाचा वेग, तापमान, भार किती होता याचा एक 'फोटो' काढून ठेवायचा. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात.

म्हणजे दिवा विझला याचा अर्थ दोष गेला असा नाही. अलीकडे तो दिसला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या दुचाकीपर्यंत

युरोपात मोटरसायकलींना ही यंत्रणा २०१६ पासून युरो-४ बरोबर लागू होऊ लागली. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. त्या तारखेनंतर बीएस-४ वाहनं विकता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्येच सांगितलं होतं. कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला, फ्युएल इंजेक्शन आलं आणि साध्या १०० सीसी गाडीवरही पिवळा दिवा आला. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत गाड्यांना मान्यता देताना या यंत्रणेचीही तपासणी होते.

दुचाकींचा पहिला टप्पा मुख्यतः एवढंच बघतो: सेन्सरचं सर्किट तुटलंय का, शॉर्ट झालंय का. २०२३ आणि २०२५ च्या टप्प्यांत मिसफायर, कन्व्हर्टरची झीज यांवरही लक्ष ठेवायची जबाबदारी वाढत गेली. म्हणून निदानाआधी आपली गाडी कोणत्या टप्प्यातली आहे ते बघा. जे उपकरण एखादी गोष्ट मोजतच नाही, त्याच्या गप्प राहण्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

मग निदान कसं करायचं?

समजा कोड आला पी०१२२, म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सरच्या सर्किटचा सिग्नल कमी. बरेच जण इथे थेट नवा सेन्सर आणतात. पण कोडने सर्किटचं नाव घेतलंय, पार्टचं नाही. सेन्सर, वायर, कपलर, अर्थिंग, कोणीही दोषी असू शकतं. कोड हे निरीक्षण आहे, निदान नव्हे.

पहिला नियम: कोड उडवू नका, बॅटरीची वायरही काढू नका. आधी कोड आणि फ्रीझ फ्रेम लिहून घ्या. फ्रीझ फ्रेम मिळत नसेल तर आपणच वही ठेवायची: दिवा कधी लागला, इंजिन थंड की गरम, पाऊस होता का, गाडी धुतली होती का, रस्ता खडबडीत होता का, हँडल पूर्ण वळवलं होतं का.

पाच-सहा नोंदी झाल्या की आकृतिबंध दिसू लागतो. धुतल्यावर किंवा पावसात लागतो, तर कपलरमध्ये पाणी किंवा गंज. ठराविक वेगाच्या थरथरीतच लागतो, तर ढिली पिन किंवा फ्रेमला घासलेली वायर. हँडल वळवल्यावर लागतो, तर हँडलजवळ वाकणारं वायरिंग. स्टार्टर मारतानाच लागतो, तर आधी बॅटरीचा व्होल्टेज बघा.

मग प्रयोग. चावी ऑन, इंजिन बंद, थ्रॉटल स्थिर. स्कॅनरवर किंवा मल्टीमीटरवर सेन्सरचा आकडा बघत वायर आणि कपलर एकेक करून हलवा. आकडा स्थिर राहायला हवा. एका जागी हात लावल्यावर तो उडी मारत असेल, तर दोष तिथे आहे. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, नाहीतर कशामुळे उडी मारली ते कळणार नाही. दुरुस्तीनंतर कोड उडवा आणि ज्या परिस्थितीत दिवा लागायचा, त्याच परिस्थितीत गाडी फिरवा. कोरड्या रस्त्यावर दिवा लागला नाही म्हणून पावसातला दोष गेला असं म्हणता येत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. दिवा चालत्या गाडीत सतत लुकलुकत असेल आणि इंजिन झटके देत असेल, तर नोंदी गोळा करत बसू नका. जाळलं न गेलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून खराब होतो. वेग कमी करा, गाडी लवकर दाखवा.

१९४३ साली कारखान्यावर ठपका ठेवणारे आणि आज कोड बघून थेट सेन्सर बदलणारे, दोघांचीही घाई सारखीच. तुमच्या प्रयोगातही असे 'पिवळे दिवे' लागतील: एकदाच आलेला विचित्र आकडा, पुन्हा न दिसलेला पीक. तो खोडून टाकायच्या आधी तारीख, तापमान आणि नमुन्याचा क्रमांक वहीत लिहून ठेवा.